टोपीवाला कप्तान आणि खालची अक्षरं

सापडला! सापडला! सापडला!

असं तीनदा बोंबलायला ती जागा काही बरी नव्हती. सोळा मजली इमारतीच्या डोक्यावरची लिफ्टची मशीन रूम. आत मोटर, चाकं, पॅनल, ग्रीसचा वास, आणि माणसाला वळायचं तर पोट आत घ्यावं लागेल एवढीच जागा. खाली बोगद्यात लिफ्टच्या टपावर बसून बोंबलणाऱ्याचा जोडीदार दोर तपासत होता. त्याची पाचावर धारण बसली.

"काय सापडलं? दोराचं काही आहे का?"

"अरे, सिनेमा सापडला! टोपीवाला कप्तान!"

"तुझ्या त्या कप्तानाला घाल चुलीत! मला आधी वर घे!"

जोडीदाराचं बरोबर होतं. पण आपल्या लिफ्टवाल्याची बाजूही ऐकून घ्या. वय एक्केचाळीस. लोकांची अडकलेली लिफ्ट सोडवण्यात निम्मं आयुष्य गेलेलं. आणि हा गडी गेली वीस वर्षं हाताला लागेल त्या यंत्रावर एकच गोष्ट शोधत होता, ती म्हणजे त्याच्या लहानपणी टीव्हीवर लागलेला टोपीवाला कप्तान. सापडणार कसा? हे नावच मुळी ताईने ठेवलेलं. खरं नाव परक्या भाषेतलं, ते कुणाला ठाऊक? त्या दुपारी जोडीदाराची वाट बघताना तो सहज सुरुवातीची धून गुणगुणला, तीही फोनपुढे, आणि फोनने दोन सेकंदांत कप्तान पुढ्यात आणून उभा केला. सहाच्या सहा भाग एकत्र जोडून दोन तासांचा सिनेमा. वर कुणा भल्या माणसाने चित्राच्या खाली आपल्या भाषेत अक्षरंही टाकलेली! याला म्हणतात नशीब!

तो पाच वर्षांचा असताना त्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर दोनच केंद्रं लागायची. एक आपलं, त्यावर सदानकदा भाषणं. दुसरं सीमेपलीकडचं, त्यावर मजा. पण भाषा कुणाच्या बापाला कळेल तर शपथ. घरात आई नव्हती. बाबा छापखान्यात दुसऱ्या पाळीला. उरली बारा वर्षांची ताई, आणि घरात तिचाच हुकूम. "मला येते ती भाषा," तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. कुठून येते, कशी येते, हे विचारायची त्याची छाती नव्हती. ताईला सगळंच यायचं. ती पडद्याकडे बघत सांगत जायची आणि हा आ वासून ऐकायचा.

काय गोष्ट होती महाराजा! मोठ्या मिशांचा एक कप्तान बंदराबंदरांत टोप्या विकत हिंडतो. त्याच्या जहाजावरची माणसं भारी झोपाळू, कुठेही आडवी होतात. जेवण तयार झालं की कप्तान हात उंचावून ओरडतो, "तोराबा!" आणि सगळे धूम पळतात. जहाजावर एक लहान मुलगा असतो, त्याची आई दुसऱ्या जहाजावर स्वयंपाकाला असते आणि तो तिला शोधत असतो. तोराबा म्हणजे जेवायला वाढलंय, असं ताईने सांगितलं. तेव्हापासून आजतागायत त्यांच्या घरात जेवायला कुणी कुणाला बोलवत नाही. "तोराबा!" एवढंच. बायकोला तर लग्नानंतर वर्षभर वाटत होतं की हा सासरचा काही खानदानी शब्द असणार.

त्याने फोन लावला तो थेट घरी. "भिंगरे! सापडला!"

पलीकडून जी किंकाळी आली तिच्यामुळे फोन कानापासून हातभर लांब धरावा लागला. भिंगरी म्हणजे त्याची आठ वर्षांची लेक. एका जागी ठरेल तर ती भिंगरी कसली!

आणि तिला एवढं उड्या मारायचं कारणही होतं. तीन महिन्यांपूर्वी तिची शाळा बदलली. नव्या वर्गात कुणी तिला विचारेना. शेवटच्या बाकावर एकटी बसायची आणि डबा पाण्याच्या नळाशी उभी राहून खायची. मग एक दिवस मधल्या सुट्टीत तिने कुणालातरी कप्तान सांगायला घेतला, बाबाने तिला सांगितला होता तसा. दुसऱ्या दिवशी ऐकायला चौघी. आठवड्याभरात नऊजणी, डबे उघडे टाकून. असं झकास चाललं होतं आणि परवा त्यातली एक दोन वेण्यांवाली म्हणाली, "असा सिनेमाच नाहीये. माझ्या दादाने शोधला. ही थापा मारते." झालं! तेव्हापासून वर्गात तिचं नाव पडलं थापाडी. दोन दिवस ती पुन्हा नळाशी उभी राहून डबा खात होती.

आता सिनेमा हातात होता. भिंगरीने आईच्या फोनवरून अर्ध्या तासात नऊच्या नऊ घरी निरोप धाडले. उद्या रविवार, चार वाजता, आमच्या घरी, कप्तान. दोन वेण्यांवालीलाही बोलावलं. तिला तर आवर्जून.

शनिवारी त्याला सिनेमा बघायला सवड झालीच नाही. एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि तो गेला. रविवारी सकाळी समोरच्या शिकवणीवाल्या सरांचा प्रोजेक्टर आला, भिंतीवर चादर लागली, भिंगरी आईला मदत म्हणून घरभर नाचत होती. अकरा वाजता बायको म्हणाली, "एकदा आधी बघून घे ना."

"अगं, तोंडपाठ आहे मला."

"तुला पाठ असेल. लोकांच्या मुली येणार आहेत. त्यातल्या एकीचे वडील पोलिसात आहेत."

बायको दातांच्या डॉक्टरकडे काम करते. समोरच्याचं तोंड कधी उघडायचं आणि कधी बंद करायचं हे तिला बरोबर कळतं. भिंगरीला शेजारी पिटाळून दोघं बेडरूममध्ये लॅपटॉपपुढे बसले. धून सुरू झाली. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. ते जहाज! ती मिशी! त्याने बायकोचा हात घट्ट धरला. पडद्यावर कप्तान टोप्यांच्या रांगेपुढून फिरत होता. एका टोपीला त्याने बोट लावलं. पाठीमागच्या माणसाने विचारलं, आणि खाली अक्षरं उमटली:

"ही कुणाची?"

"बेकरीवाल्याची. काल संपवला त्याला."

"काय म्हणाला हा?" बायको म्हणाली.

"थांब, थांब. भाषांतर चुकलं असेल."

भाषांतर कसलं चुकतंय! कप्तान टोप्या विकत नव्हता. ज्याला मारायचा त्याची टोपी काढून ठेवायचा. झोपाळू माणसं झोपलेली नव्हती. चित्र आता एवढं स्वच्छ होतं की ती का उठत नाहीत ते कुणालाही दिसावं. मग कप्तानाने हात उंचावला, छाती भरून घेतली आणि गरजला, "तोराबा!" खाली अक्षरं आली: "एकालाही जिवंत सोडू नका!"

बायकोने लॅपटॉप थांबवला. "चौदा वर्षं," ती म्हणाली, "चौदा वर्षं मी तुला हे ओरडून जेवायला बोलावतेय."

हसावं की रडावं हे त्याला कळेना. पुढे खाणावळवाल्या बाईचा प्रसंग आला. ताईने सांगितलं होतं की कप्तानाची पाठ धरते आणि ती बिचारी बाई चोळून देते.

"ही पाठ धरलीय?" बायको म्हणाली.

"बंद कर! बंद कर ते!"

पण मग आपल्याला तेव्हा कसं काही कळलं नाही? आणि एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला. तेव्हा टीव्हीत सगळी मुंग्यांची वारुळं, निम्मं चित्र दिसायचंच नाही. आणि दर थोड्या वेळाने ताई उठायची, "अँटेना हलली," म्हणत टीव्हीपुढे जाऊन उभी राहायची. तिचा फ्रॉक आणि दोन पाय, एवढंच दिसायचं. तो तिथूनच ओरडायचा, "ताई, काय चाललंय?" आणि तिथूनच ती सांगायची. अँटेना! ती अँटेना कधी हलतच नव्हती!

त्याने फोन उचलला.

"ताई, तुला ती भाषा येत होती?"

ताई पलीकडून खो खो हसत सुटली. "अरे गधड्या, तुला आत्ता कळलं? एक्केचाळीसाव्या वर्षी? मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं रे."

"मग तोराबा?"

"भूक लागली होती मला. सुचलं ते ठोकून दिलं."

"हसू नकोस! इथे माझ्या लेकीचं नाक कापायची वेळ आलीय." त्याने सगळं सांगितलं. नऊ मुली, दोन वेण्यांवाली, थापाडी, नळाशी उभं राहून डबा. "दाखवला तर पोरी घाबरतील, वर हिने सांगितलेलं सगळंच खोटं ठरेल. नाही दाखवला तर थापाडी ती थापाडीच. उद्यापासून ती शाळेत जायची नाही बघ. ताई, तूच हे करून ठेवलंयस, तूच निस्तर."

"चारला ना?" ताईचा आवाज बदलला. "आलेच."

ताईचं कपडे धुऊन-इस्त्री करून द्यायचं दुकान आहे, रविवारी बंद असतं. दीड वाजता ती चपला काढायच्या आधीच बोलायला लागली. आवाज बंद. गोष्ट मी सांगणार, जशी तेव्हा सांगितली तशी. अक्षरं चित्रातच छापलेली, ती काढता येत नाहीत, तेव्हा चादर वर घ्या आणि खालचा भाग त्या काळ्या ब्लँकेटवर पडू द्या, तिथे काही वाचता येणार नाही. नको ते आलं की तू प्रोजेक्टरपुढे हात धर आणि दिवा तापलाय म्हणून सांग.

"ताई, तुम्ही सराईत गुन्हेगार दिसता," बायको म्हणाली.

"वहिनी, बाराव्या वर्षापासूनचा धंदा आहे माझा."

भिंगरीला शेजारीच ठेवून तालमीला बसले तर वेगळंच घोडं अडलं. ताईला गोष्टच आठवेना! ज्याने ऐकली त्याला शब्दन् शब्द पाठ, आणि जिने रचली ती कोरी पाटी. "हा जाड्या कोण?" ती विचारायची. "अगं, हा टोप्यांना गोंडे लावणारा." "मी असं म्हटलं होतं?" "तूच!" "आणि ही माणसं का पळतायत?" "जेवायला!" ताई स्वतःच्याच गोष्टीला पोट धरून हसत होती. तो प्रोजेक्टरपुढे हात धरायचा सराव करत होता. बराचसा सिनेमा त्यांनी पुढे-मागे करत कसाबसा बसवला. शेवटची वीस मिनिटं राहिली.

"शेवट बघून घेऊ," ताई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"शेवट मला पाठ आहे. बंदरात जहाज लागतं, आई उतरते, मुलगा धावत जातो."

"तू बघितलं होतंस ते?"

"म्हणजे काय! बघितलं..." तो थांबला. बघितलं होतं का? आठवत होता तो ताईचा आवाज: आली रे, आली, बघ आई आली.

ताईने तोंड उघडलं आणि दाराची बेल वाजली. साडेतीनच वाजले होते. दारात दोन वेण्यांवाली उभी, हाताची घडी घालून.

पुढचा अर्धा तास म्हणजे नुसता कल्ला. नऊजणी आल्या, नऊ जोडी बूट, नऊ तऱ्हांचे आवाज. पॉपकॉर्नचं पातेलं, सरबताचे ग्लास, उशांवरून मारामारी. भिंगरी लालबुंद होऊन सगळ्यांना जागा दाखवत होती. लेकीचा मान राहावा म्हणून त्याने तिला मोठं काम दिलं: मागे स्टुलावर लॅपटॉपपाशी बसायचं आणि बाबाने खूण केली की बटण दाबायचं. ती राणीसारखी जाऊन बसली. पडदे ओढले. भिंतीवर जहाज आलं आणि नऊच्या नऊ तोंडं बंद झाली.

"आवाज का नाही?" दोन वेण्यांवालीने विचारलं.

"भाषा परकी आहे," ताई पुढे येऊन उभी राहिली. "मी सांगते. मला येते."

आणि ताई सुटली! तालमीत जी अडखळत होती तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. कप्तान मिशीला पीळ देत होता आणि ताई त्याच्या आवाजात टोप्यांचे भाव सांगत होती. जाड्या गोंडेवाल्याचा आवाज बसलेला, खाणावळवालीचा किनरा. जिथे सुरा निघाला तिथे लिफ्टवाल्याचा पंजा भिंगापुढे. "दिवा तापला, दिवा तापला!" मुली ओरडायच्या, "काका, हात काढा ना!" आणि अंधारातून ताईचा आवाज यायचा, "आता काय झालं, कप्तानाने पाव कापायला घेतला..." त्याच्या कपाळावर घाम, हात चटकत होता, आणि छाती आनंदाने फुटायची बाकी होती. ही तीच गोष्ट होती! छत्तीस वर्षांनी, त्याच आवाजात! कप्तानाने हात उंचावला तेव्हा नऊ मुली आधीच उभ्या राहिल्या आणि घर दणाणून गेलं, "तोराबा!" त्यात दोन वेण्यांवालीचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आहे गं खरंच," ती शेजारणीला म्हणाली. "अगदी सांगितलं तस्साच आहे."

त्याचा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघराच्या दारात बायको हात जोडून उभी होती.

मग शेवट आला.

पडद्यावर बंदर. धुकं. जहाज लागलं, शिडी सोडली. मुलगा गर्दीतून वाट काढत पुढे. त्याचे पाय अनवाणी होते, हे लिफ्टवाल्याने आज पहिल्यांदा पाहिलं. शिडीवरून एक बाई उतरली. ती त्याच्याकडे धावली नाही. खाली बसली, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि काहीतरी बोलली. मुलगा तिच्याकडे बघत राहिला. बघतच राहिला.

ताई बोलेना.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती चादरीच्या कडेला उभी होती, तोंड अर्धं उघडं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. भिंगापुढे हात धरायचं त्याला सुचलं नाही.

"पुढे?" कुणीतरी म्हणालं. "आत्या, पुढे काय? ती आई आहे ना?"

"आत्या, सांगा ना!"

दोन वेण्यांवालीने मान वळवली. "हिला येत नाहीये भाषा," ती हळूच म्हणाली.

आणि मागून, स्टुलावरून, स्पष्ट आवाज आला. "ती आई नाहीये. ती त्याच्या आईबरोबर काम करायची. ती सांगतेय की त्याची आई मेली."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. भिंगरी लॅपटॉपकडे बघत होती. लॅपटॉपवर अख्खं चित्र होतं, आणि चित्राखाली अक्षरं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकूण एक! भिंत झाकली, ब्लँकेट लावलं, भिंगापुढे हात भाजून घेतला, आणि लेकीला नेऊन बसवलं ते नेमकं त्या अक्षरांपुढे. लिफ्टवाल्याला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

"म्हणजे तू थापा मारल्यास," दोन वेण्यांवाली म्हणाली. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता, रडवेला होता. "तू म्हणाली होतीस शेवटी आई येते."

भिंगरी लाल झाली. त्याला वाटलं आता ही रडणार. तो पुढे व्हायला निघाला तर बायकोने दारातूनच मानेने नको म्हटलं.

"येते," भिंगरी म्हणाली. "आमच्या घरच्या गोष्टीत येते. सिनेमात नाही येत. मला पण आत्ताच कळलं." मग तिने पुन्हा लॅपटॉपकडे पाहिलं. "थांबा, ती अजून बोलतेय. ती म्हणते, तिने तुझ्यासाठी बूट घेऊन ठेवले होते. मी आणलेत."

पडद्यावर बाईने पिशवीतून बूट काढले. मुलाने घातले. मोठे होत होते. खोलीत कुणी पॉपकॉर्न चावत नव्हतं.

"मग तो कुठे राहणार?" चष्मेवालीने विचारलं.

"बघू ना, लिहून येईल. ती म्हणते चल. तो म्हणतो, कप्तान? ती म्हणते, कप्तानाला पकडून नेलं."

"कप्तानाला का?" पोलिसाची मुलगी एकदम ताठ बसली.

भिंगरीने बाबाकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. "टोप्यांचे पैसे जास्त घ्यायचा," ती म्हणाली.

धून वाजली नाही, कारण आवाज बंद होता. पण मुलींनी ती म्हटली. गेले पंधरा दिवस भिंगरीनेच शिकवली होती त्यांना. मग जो गलका उसळला! बूट बसले का त्याला, ती बाई चांगली आहे का, तिला स्वतःची मुलं असतील का, कुणी म्हणे मला रडू आलं, कुणी म्हणे मला मुळीच नाही. जाताना दोन वेण्यांवाली दारात घुटमळली. "उद्या तुमच्या घरची गोष्ट सांगशील? आई येते ती? मला तो शेवट ऐकायचाय." भिंगरी म्हणाली, "डबा खाताना." आणि दार लावून तिने घरभर जी धाव ठोकली ती ऐकून खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "तू सगळं वाचत होतीस? सुरुवातीपासून?"

"हो."

"घाबरली नाहीस?"

"थोडी. पण आत्या इतकं भारी सांगत होती, मला कळेना काय ऐकू आणि काय वाचू." मग तिने आवाज खाली आणला. "ती थांबली ना, म्हणून मी बोलले. नाहीतर मी काही बोलणार नव्हते हं बाबा."

त्याने तिला छातीशी धरलं, इतकं की ती "सोड, सोड" म्हणाली आणि पळाली.

ताई स्वयंपाकघरात ग्लास विसळत होती. एकच ग्लास, पुन्हा पुन्हा. तो शेजारी जाऊन पुसायला उभा राहिला.

"त्या दिवशी टीव्हीपुढून मी हललेच नाही," ती नळाकडे बघत म्हणाली. "भाषा येत नव्हती, पण ती बाई खाली बसून त्याचे खांदे धरते ना, त्यावरून कळलं मला काय चाललंय ते. मलाही दवाखान्यात एका बाईने तसंच धरून सांगितलं होतं. तुला ते बघू द्यायचं नव्हतं मला. आई जाऊन दोन महिने झाले होते."

"हं."

"तुला मी तेव्हाच सांगितलं होतं रे. आई गेली म्हणून."

"गेली, असंच म्हणालीस तू," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याच्याच कानाला लहान मुलासारखा वाटला. "गेलेलं माणूस येतं ना परत. बाबा गेले की यायचे, तू गेलीस की यायचीस. आणि मग तू सांगितलंस की त्या मुलाची आई आली."

ताईच्या हातातला ग्लास तसाच राहिला. नळ वाहत होता. तिने वळून त्याच्याकडे बघितलं, आणि एवढ्या वर्षांत तिला कधी जे विचारायचं सुचलं नव्हतं ते विचारलं.

"किती दिवस वाट बघितलीस?"

"दुसरीत जाईपर्यंत."

"अरे गाढवा," ती रडत म्हणाली आणि ओल्या हाताने त्याच्या पाठीत धपाटा घातला, "मला विचारायचं होतंस ना!"

"विचारलं असतं तर तू आणखी एक भाग सांगितला असतास."

ती रडता रडता फसकन हसली, आणि त्याला आवरेना. सिंकपाशी उभे राहून बहीणभाऊ एकमेकांना धरून हसत होते, रडत होते, आणि भिंगरी दारात येऊन आईला विचारत होती की या दोघांना झालंय तरी काय.